निर्दय वाचकाची अक्कलदाढ

अक्कलदाढेने पहिली कळ मारली तेव्हा तपासनीस कचेरीत बसून एका माणसाचा दावा फेटाळत होते. विमा कंपनीकडे आलेल्या दाव्यांतलं खोटं हुडकून काढणं हे त्यांचं काम. ते काम अंगात इतकं मुरलं होतं की शेजाऱ्याला ताप आलाय यावरही त्यांचा चटकन विश्वास बसत नसे.

कचेरीत वापरून उरलेला अविश्वास ते पुस्तकांवर काढत. इंटरनेटवर वाचकांनी पुस्तकांबद्दल मतं मांडायची एक जागा होती. तिथे ते 'निर्दय वाचक' या नावाने लिहीत. नुकताच त्यांनी 'बत्तिसावा बळी' या कादंबरीचा निकाल लावला होता. कादंबरीतला खुनी माणसं मारत सुटतो आणि प्रत्येकाचा एकेक दात काढून बरणीत ठेवतो. त्याला अख्खी कवळी जमवायची असते. इतर वाचकांनी लिहिलं होतं, 'झोप उडाली', 'दाराची कडी पुन्हा पुन्हा बघत होते'. तपासनीसांनी लिहिलं, 'भीती? मला जांभया आल्या. खुनी मारण्याआधी इतका बोलतो की ही माणसं सुऱ्याने नव्हे, कंटाळ्याने गेली असावीत. शिवाय लेखकमहाशयांनी जन्मात दात उपटताना पाहिलेला नाही, हे पानोपानी कळतं. एक तारा देतोय, तोही बांधणीला.'

संध्याकाळपर्यंत गाल पुरीसारखा फुगला. बायको म्हणाली, "अहो, अक्कलदाढच आहे. उशिरा का होईना, येतेय."

"विनोद नकोत. गोळी दे."

"गोळीबिळी काही नाही. मागच्या गल्लीत दातांचे नवीन डॉक्टर आलेत. चला."

दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की एरवी तपासनीस विषय बदलायचे. पण दाढेने पुन्हा कळ मारली आणि ते मुकाट्याने चपला शोधू लागले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चारपाच माणसं गालाला हात लावून बसली होती. टेबलामागे डॉक्टरांच्या आई होत्या. पांढरेशुभ्र केस, जाड भिंगाचा चष्मा आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेचा आवाज. टेबलावर औषधांच्या शेजारी पुस्तकांचा गठ्ठा होता. तपासनीसांनी वरच्या पुस्तकाचं नाव वाचलं. 'बत्तिसावा बळी'.

त्यांचा दुखरा गाल एकदम थंड पडला.

"वाचलंत का?" आईंनी विचारलं. "आमच्या डॉक्टरने लिहिलंय. टोपणनावाने. पेशंट बिचकतात म्हणून लपवलं होतं. मी म्हटलं, लपवायचं काय त्यात? चोरी केलीय का?"

"छान आहे," तपासनीस कसेबसे म्हणाले.

"छान असणारच! सगळ्यांना आवडलंय." आईंनी बसलेल्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी गालाचा हात न सोडता घाईघाईने माना डोलावल्या. "एकच मेला निघाला. निर्दय वाचक म्हणे! माझा मुलगा तेव्हापासून धड जेवत नाही. तो सापडू दे एकदा. या दवाखान्यात यायची खोटी, त्याला बिनभुलीचा खुर्चीत बसवीन."

तपासनीस उठले. "मी काय म्हणतो, दुखायचं थांबलंय. निघू या."

"बसा खाली," बायको म्हणाली. तिला त्या नावाचं काहीच वाटलं नव्हतं. नवरा काहीतरी लिहितो, कुठल्याशा नावाने लिहितो, एवढंच तिला ठाऊक होतं. ते नाव कोणतं, हे आत्ता तिच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं.

तेवढ्यात आतून हाक आली आणि सगळ्यांत सुजलेला गाल म्हणून आईंनी तपासनीसांनाच आधी पाठवलं.

डॉक्टर उंच, हडकुळे आणि मऊ आवाजाचे होते. त्या मऊपणानेच तपासनीसांना घाम फुटला. कादंबरीतला खुनीही असाच मऊ बोलायचा. खुर्ची मागे कलली, डोळ्यांवर दिवा आला, हिरडीत सुई गेली आणि थोड्याच वेळात जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखी तोंडात पडून राहिली.

"आता आ करा. मोठ्ठा." डॉक्टरांनी जबड्यात रबराचा ठोकळा अडकवला. "घाबरू नका. घाबरतात लोक. पण मला कुणाला घाबरवता येत नाही, असं एकाने लिहिलंय."

"आँ," तपासनीस म्हणाले.

"पाठ झालंय मला ते. 'जन्मात दात उपटताना पाहिलेला नाही.'" डॉक्टरांनी ताटलीतून पक्कड उचलून दिव्यासमोर धरली. "आयुष्यभर दुसरं काय केलंय हो मी?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरून बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "आमचे हे पण लिहितात हो पुस्तकांबद्दल. काय बाई ते नाव... तुम्ही मघाशी म्हणालात ना, तसंच काहीतरी. निर्दय..."

तपासनीसांनी खुर्चीत हातपाय झाडले. "आँ! आँ! ऑ ऑ!"

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"...वाचक! हां, निर्दय वाचक!" बायकोने आनंदाने वाक्य पुरं केलं.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार धाडकन उघडलं. आई दारात उभ्या, मागे बायको, तिच्यामागे गालाला हात लावलेले सगळे पेशंट.

"हाच तो!" आई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेशंटकडे पाहिलं. पेशंटने पकडीकडे पाहिलं. पळावं तर दारात अख्खी गर्दी, ओरडावं तर जिभेत जीव नाही, माफी मागावी तर जबड्यात ठोकळा. आपला दात बरणीत पडल्याचा आवाजसुद्धा तपासनीसांना ऐकू आला. त्यांनी डोळे गच्च मिटले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ताटलीत काहीतरी खडखडू लागलं. त्यांनी एक डोळा उघडला. डॉक्टरांचा हात थरथरत होता आणि त्या हातात पक्कड होती.

"माझ्याच्याने नाही होणार," डॉक्टर स्टुलावर बसत म्हणाले. "यांच्यापुढे हातच चालत नाही. आता हे माझ्या दात काढण्यावरही लिहितील. आई, मी लिखाण सोडतो. दवाखाना पण बंद करू या."

हे ऐकून तपासनीसांच्या उरल्यासुरल्या धैर्याचं पाणी झालं. रागावलेला डॉक्टर परवडला. हा थरथरणारा डॉक्टर दाढ सोडून कशालाही हात घालेल. शिवाय हिरडीत भूल, दाढ जागच्या जागी, आणि आता डॉक्टर दुकानच बंद करायला निघालेला! त्यांनी दोन्ही हात जोडले आणि जिवाच्या आकांताने बोलू लागले, "आँअआँ ऑई! आँ आँई!"

"काय म्हणतात ते?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो तपासनीसांच्या ओळखीचा होता, आणि ते पकडीपेक्षा त्याला जास्त भ्यायले.

"ते म्हणतात, सांगून टाक," बायको म्हणाली.

"ऑ!" तपासनीस जोरजोरात मान हलवू लागले.

"डॉक्टर, जांभयाबिंभया सगळं खोटं आहे. तुमचं पुस्तक वाचल्यापासून यांना आंघोळीला जाताना मी दाराबाहेर लागते. दार ओढून घेत नाहीत. डोळ्यांत साबण गेला की हाक मारतात, 'आहेस ना गं?' मी म्हणायचं, 'आहे.' परवा मी गंमत म्हणून गप्प राहिले, तर साबणासकट बाहेर आले."

मग मागचा एक सुजलेला गाल खुदकन हसला.

"भर दिवसा?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"भर दिवसा."

"कुठल्या प्रकरणापासून?"

"पहिल्याच."

डॉक्टर स्टुलावरून उठले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं दिसलं. "खरं का हो?" त्यांनी खुर्चीवर वाकून विचारलं.

तपासनीसांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पकडीकडे. हात अजून थोडा कापत होता. इभ्रत की जबडा, एवढाच प्रश्न होता. त्यांनी मान खाली-वर हलवली.

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांचा हात खडकासारखा स्थिर झाला. दाढ कधी निघाली ते तपासनीसांना कळलंही नाही.

टाका काढायला पुढच्या आठवड्यात ती दोघं पुन्हा गेली, तेव्हा भिंतीवर एक नवीन चौकट लटकत होती. तिच्यात टपोऱ्या अक्षरांत छापलं होतं: 'हे पुस्तक वाचल्यापासून माझे यजमान आंघोळीला जाताना मला दाराबाहेर बसवून ठेवतात. — एक गृहिणी.'

शेजारच्या खुर्चीतले जाडजूड गृहस्थ ते वाचून पोट धरून हसत होते. "काय भित्रा माणूस असेल हो हा! की जाहिरातीसाठी काहीही छापतात?"

"छापतात काहीही," तपासनीस भिंतीकडे न बघता म्हणाले.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं? असेल खरी अशी कोणी बाई?"

"असेल की," बायको विणकामातून मान वर न करता म्हणाली. "पण बिचारीने अर्धंच सांगितलंय."

"अरेच्चा! मग उरलेलं काय असेल?" गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढली. बायकोने सुया खाली ठेवल्या.

आतला पेशंट नुकताच बाहेर आला होता, पण तपासनीसांचा नंबर यायला अजून अवकाश होता. तरीही ते ताडकन उठले, आत गेले, दार घट्ट लावून घेतलं आणि कोणी काही सांगायच्या आतच खुर्चीत आडवे होऊन त्यांनी मोठ्ठा आ केला.