आहेराची वायर

आमच्या वाशीच्या सोसायटीत कुणाचंही लग्न ठरलं, की एक आहेर कोणता येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. कदमकाका चकचकीत कागदात हिरव्या-पिवळ्या वायरचं वेटोळं गुंडाळून देतात, सोबत दोन पितळी क्लॅम्प. नवरीला वरून चाचपताना बांगड्या वाटतात. काका स्टेजवरच सांगून टाकतात, "दहा एमएमची आहे. रविवारी येऊन लावून देतो."

काका तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. ते रिटायर झाले, खिशातला टेस्टर झाला नाही. चहाला बोलावलं तर आधी स्वयंपाकघरात शिरतात, गॅसच्या नि पाण्याच्या पाइपाला जोडलेली अर्थिंगची वायर चिमटीत धरतात आणि मान हलवतात. "माणूस बारीक चालेल, वायर नको." मग चहा.

काकूंचे लाड तर विचारू नका. त्यांना हात धुवायचे असले की नळ काका सोडणार. हळदीकुंकवाच्या घोळक्यातही मागून येऊन सोडून जातात. "नवरा असावा तर असा," बायका म्हणतात आणि आमच्याकडे बघतात. त्यामुळे माझं या माणसाशी मनातल्या मनात वैर होतं. आमच्या स्वयंपाकघरात मी त्यांना तीन वर्षं शिरू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आईच्या बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. तिनं निदान स्वतःच केलं, वात. महिनाभर घराला तिळाच्या तेलाचा वास. एकदा काका मीटिंगचा निरोप द्यायला आले, तेव्हा ती तेलच चोळत बसली होती.

"वहिनी, झिणझिण्या कधी येतात?"

"भांडी घासताना. नळाला हात लावला की."

काकांचा चेहरा उतरला. चपलांसकट आत जाऊन त्यांनी नळाला टेस्टर लावला. तो पेटला. त्यांनी तडक मेन स्विच पाडला.

गिझर खराब होऊन त्याचा करंट नळाच्या पाइपात उतरत होता. तो जमिनीत नेणारी पाइपाची वायर असायला होती, पण डोअरबेलच्या वायरीएवढी, आणि तिचा क्लॅम्प रंगाच्या थरावर बसवलेला, म्हणजे नसल्यासारखाच. दुसऱ्या दिवशी गिझर बदलला. गॅसवाल्यांचा माणूस समोर उभा करून काका पाइपाचा रंग खरवडू लागले.

"आम्हाला खरंच वात वाटला हो," मी ओशाळून म्हणालो.

"मलापण वाटला होता." त्यांनी मान वर केली नाही. "आमची ही म्हणायची, बोटं झिणझिणतात. मी म्हटलं, वात असेल, तेल लाव. अख्ख्या प्लँटचं अर्थिंग बघणारा मी. आठ दिवसांत शॉक बसून बाथरूममध्ये फेकली गेली. वाचली म्हणा. मग घरातलं सगळं बदललं, पण तेव्हापासून ती नळाला हात लावत नाही. बारा वर्षं झाली."

माझ्या त्या वैराची मला फार लाज वाटली.

रविवारी आईनं दोघांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर काका सवयीनं नळाकडे निघाले.

"बसा, भावोजी," आई म्हणाली. तिनं काकूंना सिंकपाशी नेलं, स्वतः नळ सोडला, पाण्यात हात धरला. "बघा वहिनी, गेला माझा वात. आणि तेलानं नाही हो गेला." तिनं नळ बंद केला आणि बाजूला झाली.

काकू उभ्याच राहिल्या. भिंतीवरून मेन बोर्डाकडे जाणारी, काकांनी लावलेली नवी हिरवी-पिवळी वायर त्यांनी शेवटपर्यंत न्याहाळली. मग कुणाचा ताप बघावा तसा हाताचा मागचा भाग नळाला लावला. थांबल्या. आणि नळ सोडला.

"जाड आहे ना हो वायर?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दहा एमएमची," काका म्हणाले. आवाज मात्र अगदी बारीक झाला होता.

काकूंनी सावकाश हात धुतले. नळ बंद केला नाही. "या," त्या म्हणाल्या, "तुम्हीपण धुऊन घ्या. मी धरलाय नळ."