अबोला सांभाळणारे रहांगडाले सर

रहांगडाले सरांविषयी खरं सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की कूलरची गंमत सांगून मोकळा व्हायचो. मे महिन्यात गोंदियात माणूस भाजून निघतो, आणि सरांचा कूलर फळमाश्यांच्या बाटल्यांकडे तोंड करून चालायचा. सर मागे बसून घाम पुसत.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. ते प्राणिशास्त्र शिकवत, मी इतिहास. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्त झाल्यावर बाटल्या घरी आणल्या. माश्यांसाठी मक्याचं पीठ, गूळ आणि खमीर शिजवत. वास सुटला की शेजारीण विचारायची, "मोहाची दारू काढून राहिले का जी, सर?"

माश्यांच्या त्या वाणाला त्यांनी 'अबोला' नाव दिलं होतं.

"अंड्यात स्नायू बनताना पेशी एकमेकींत मिसळाव्या लागतात," ते सांगत. "ह्यांच्यात एक जनुक बिघडलं आहे. ते आईबाप दोघांकडून आलं, की पेशी जवळ येतात, चिकटतात, पण मिसळत नाहीत. जीव अंड्यातच मरते."

"मग पाळता कायले?"

"एकाकडूनच आलं तर जगतात ना. त्या सांभाळतो मी."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आठवडाभर नागपूरला गेले. किल्ली मला दिली. "कूलर चालू ठेवजा, पाणी टाकत राहाजा. इथं दुसरं कोणी नाही मले." मी हो म्हणालो. ऊन फार होतं, आणि माश्यांसाठी कोण जाणार, असंही वाटलं. मी एकदाही गेलो नाही.

ते यायच्या सकाळी घाईघाईनं जाऊन कूलर भरला, चालू केला. माश्या तळाशी निपचित पडल्या होत्या.

काळा चष्मा लावलेल्या सरांनी बाटली उजेडात धरली. "नवा डोळा अजून बसला नाही. तुम्ही पाहा बरं, हलून राहिल्या का?"

"राहिल्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. "कूलरनं गारवा जास्तच धरला. मेल्या. चूक माझीच, कूलर चालू ठेवा म्हणून मीच सांगून गेलो. तुम्ही मनाले लावून घेऊ नका जी."

वैशाखात गोंदियात गारव्यानं माशी मरत नाही, हे मलाही कळतं. त्या दिवशी ते चहा संपल्यावरही बराच वेळ बसले. घरी जायची काही घाईच उरली नव्हती त्यांना.

शेवटच्या आजारात ते बिरसीला पुतण्याकडे होते. मी खाटेजवळ जाऊन बसलो. 'सर, चूक तुमची नव्हती,' एवढंच म्हणायचं होतं.

"ऊन चढायच्या आधी निघा," ते म्हणाले.

मी म्हणालो, "येतो."