बुलबुलचं सासर

नुसती बघून यायची, घ्यायची थोडीच आहे, असं मी स्वतःला बजावलं तेव्हा बायको नाशिकला होती. ती कोलकात्यात असती तर मला दाराबाहेर पडू दिलं नसतं. (ती साड्यांच्या दुकानात नुसती बघायला जाते आणि खरोखर नुसती बघून येते. ही सिद्धी मला नाही.) मधुवंती भाचीच्या लग्नासाठी माहेरी गेली होती. घरात मी, कालचं पिठलं आणि जयप्रकाशनं फोनवर पाठवलेला एक फोटो, एवढेच होतो.

जयप्रकाश एस्प्लनेडच्या आमच्या बँकेत माझ्या शेजारी बसतो. बदली होऊन आलेले मराठी असे आम्ही दोघंच, त्यामुळे ऑफिसात मी त्याचा सर आणि माझी बायको त्याची वहिनी. त्याला माझा शौक ठाऊक होता. फोटोत एक लाल, विलायती, दोन सीटची, छत मागे दुमडणारी जुनी स्पोर्ट्स कार होती. कंपनीचं नाव सांगत नाही. ती केव्हाच बंद पडली आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. वाऱ्यावर केस उडवत अशी गाडी चालवायची हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. गाडी परवडेपर्यंत केस राहिले नाहीत, पण स्वप्न होतं.

गाडीचे मालक प्रद्योत मित्तिर भवानीपूरच्या एका जुन्या गल्लीत राहत. मी जाताना तयारी करूनच गेलो होतो. जुनी वस्तू घ्यायची तर नाक मुरडायचं, खोडी काढायच्या, दोनदा उठून जायला निघायचं, ही आमच्या घराण्याची रीत. वडिलांनी जुना टेबलफॅनसुद्धा त्याची बदनामी केल्याशिवाय घेतला नव्हता.

पण मित्तिरबाबूंनी मला गॅरेजकडे नेलंच नाही. पंख्याखाली खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसले आणि विचारलं, "नौकरी पक्का है?"

"जी, बैंक में हूँ."

"घर में कौन कौन है?"

"पत्नी है. बेटी बंगलोर में है."

"पीता है?"

"जी... कभी-कभी."

"गाड़ी चलाते वक्त?"

"नहीं, नहीं!"

"गुस्सा?"

गुस्सा पत्नीला येतो, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी मला एवढं विचारलं नव्हतं. (विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं सासूबाई अजून म्हणतात.)

मग गॅरेज उघडलं. मित्तिरबाबूंनी गाडीवरचं कापड अलगद बाजूला केलं आणि म्हणाले, "आमार बुलबुल." मी मुळीच भाळलो नाही असा चेहरा केला आणि ठरल्याप्रमाणे एक खोड काढली. "पेंट ज़रा उतरा हुआ है. उमर भी ज़्यादा लगती है."

मित्तिरबाबूंचा चेहरा पडला. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि त्या आत निघून गेल्या. "उसके सामने ऐसा मत बोलिए," मित्तिरबाबू हळूच म्हणाले. मला वाटलं, बायकोसमोर. त्यांना म्हणायचं होतं, गाडीसमोर.

मी शरमेनं अर्धा झालो. तेवढ्यात मित्तिरकाकू मिठाईचं ताट घेऊन बाहेर आल्या. दुसऱ्याच्या लेकीला नावं ठेवून वर त्यांच्या खाण्यालाही नाही म्हणायचं, एवढा कोडगेपणा मला जमत नाही. मी एक संदेश खाल्ला. त्यांनी आग्रह केला, दुसरा खाल्ला. घरातून शंख वाजला आणि मित्तिरबाबूंनी मला मिठी मारली.

"पाका कथा!" ते म्हणाले.

बंगाल्यांच्यात लग्न ठरलं की दोन्ही बाजू तोंड गोड करतात, त्याला पाका कथा म्हणतात. एकदा ती झाली की मागे फिरणं म्हणजे भरल्या मांडवातून उठून जाणं. हे मला त्या घरातच, दुसरा संदेश घशाखाली उतरल्यावर कळलं. तिथं मोकळेपणानं सांगायचं होतं, बाबांनो, मी फक्त बघायला आलो होतो. नाही सांगितलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या घरी ती कायमची राहायला आहे.

आता पुढची पंचाईत. आमच्या सॉल्ट लेकच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. त्या जागेवर आमची छोटी पांढरी गाडी उभी असायची. 'आमची' म्हणजे मधुवंतीची. पन्नाशी उलटल्यावर ती या शहरात गाडी शिकली. ट्राम, मिनीबस आणि हातरिक्षा यांच्या मधून. दर शनिवारी ती एकटी बराकपूरला जायची. तिथल्या कॅन्टोन्मेंटमध्ये काही मराठी फौजी कुटुंबं आहेत, त्यांच्या मुलांना ती मराठी गाणी आणि गोष्टी शिकवायची. मागच्या सीटवर पुस्तकं, पेटी आणि मुलांसाठी चिवड्याचा डबा. शनिवारी परत येताना तिचा चेहरा वेगळाच असायचा. हे सगळं मला दिसत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना लाज वाटते.

कागदोपत्री गाडी माझ्या नावावर होती. (कागदोपत्री घरातलं बरंच काही माझ्या नावावर आहे.) जयप्रकाशला जुनी गाडी हवीच होती.

"सर, वहिनींना चालेल ना?"

मी मान अशी हलवली की हो किंवा नाही, काहीही अर्थ निघावा. त्यानं हो काढला. मधू आल्यावर तिला लाल गाडीतून गंगेकाठी फिरवायचं, ती आधी चिडेल, मग हसेल, असं चित्र मी मनात रंगवलं होतं. त्या चित्रात तिचा शनिवार कुठंच नव्हता.

ती परत आली त्या दिवशी मी हावडा स्टेशनवर बुलबुल घेऊन हजर. डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा. मधू दोन सुटकेस आणि लग्नातल्या लाडवांची करंडी घेऊन आली.

"अहो, ही कुणाची?"

"आपली! बस."

"आणि माझी?"

"हीसुद्धा तुझीच की."

"माझी गाडी कुठंय?"

"जयप्रकाशला दिली. पार्किंग एकच ना आपलं..."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तरं सुचली असती. तिनं एवढंच विचारलं, "मला विचारलंत?"

"अगं, सरप्राइज होतं."

"बरं. तुम्ही बॅगा घेऊन या. मी टॅक्सीनं जाते."

हावडा पूल मी शेजारी सुटकेस बसवून ओलांडला. लाडवांची करंडी मांडीवर होती, त्यामुळे गियर बदलताना दर वेळी एक लाडू फुटत होता. टॅक्सी आमच्या बरीच आधी घरी पोचली.

रात्री आमच्या मुलीचा, नूपुरचा फोन आला. ती कोलकात्यातच वाढली, त्यामुळे तिचं मराठी रागावल्यावर जास्तच घसरतं. "बाबा, तू आईची कार विकला? सिरियसली? आता आई कसा जाणार?"

"मी नेईन ना. बुलबुल आहे आता."

मग बारीक आवाजात, "बाबा, बुलबुल कोण आहे?"

मित्तिरबाबू दर रविवारी यायला लागले. लेकीला बघायला. मला 'जामाई' म्हणायचे, पण नजर पार्किंगकडे. बॉनेटवरून हात फिरवायचे, टायर दाबून बघायचे आणि म्हणायचे, "दुबला हो गया." मधुवंती त्यांना पोहे करून वाढायची. तिच्याशी त्यांची गट्टी जमली. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल दोघांचं मत एकच होतं. माझ्याशी मात्र ती कामापुरतं बोलायची. शनिवारी सियालदाहून लोकलनं बराकपूरला जायची, पेटी घरीच ठेवून.

पावसाळ्यात तिच्या मुलांचा कार्यक्रम ठरला. आईवडिलांसमोर गाणी म्हणायची होती. मी हट्टच धरला. "मी पोचवतो तुला. पेटीपण नेऊ. बघ तर एकदा." ती नको म्हणत होती, पण पेटी न्यायची तिलाही होती. तिनं पेटी मांडीवर घेतली आणि आम्ही निघालो. मला वाटलं, आज सगळं नीट होणार.

सिंथीच्या चौकात बुलबुल एकदा शिंकली, मग वाफ सोडली आणि गप्प झाली.

कोलकात्यात बंद पडलेली गाडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. बघता बघता गर्दी जमली. एकानं कार्बोरेटर म्हटलं, दुसऱ्यानं डिस्ट्रिब्युटर. दोन पक्ष पडले. वाद रंगला, तो गाडीवरून फुटबॉलवर गेला, आणि मी कुठल्या क्लबचा हे न सांगितल्यामुळे दोन्ही पक्ष माझ्यावर नाराज झाले. मधुवंतीनं घड्याळ पाहिलं. "तुम्ही थांबा तुमच्या बुलबुलपाशी," म्हणाली आणि पेटी माझ्या हातात देऊन समोरच्या बसमध्ये चढली. पायरीवर उभं राहायलाही जागा नव्हती, तरी चढली.

मी मित्तिरबाबूंना फोन केला. ते टॅक्सीनं घरातल्या चपलांतच धावत आले, माझ्या अंगावरून पुढे गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"जामाई, तुमने इसको क्या बोला?"

"कुछ नहीं बोला!"

"कुछ तो बोला होगा. ये लड़की ऐसा नहीं है."

मधू संध्याकाळी परत आली. पाय धुऊन खुर्चीत बसली. मी चहा पुढे केला आणि विचारायचं धाडस केलं, "झाला का कार्यक्रम?"

"झाला. मी पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते." थोड्या वेळानं ती म्हणाली, "एका पोराला दुसरं कडवं आठवेना. तो नुसता दाराकडे बघत राहिला म्हणे. मी नेहमी समोर उभी असते ना."

ती रडली नाही. चहा मात्र तसाच राहिला. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, त्यातल्या बहुतेक निस्तरल्या. पण त्या पोराला ते कडवं आता कोण आठवून देणार? ज्या गाण्यासाठी ती इतके शनिवार झटली, ते माझ्या हौसेपायी अर्ध्यावर थांबलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते बोलूनही दाखवता येईना. सॉरी म्हटलं तर ती "असू दे" म्हणाली असती, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

पूजा जवळ आली तशी मित्तिरबाबू नव्या कपड्यांत हजर झाले. "पूजा में तो माँ दुर्गा भी बाप के घर आता है," ते म्हणाले. तेव्हा बुलबुललाही माहेरी न्यायचं. एका टेम्पोवर दोरीनं बांधून, हार घालून बुलबुलची पाठवणी झाली. सोसायटीतल्या बायका बघत होत्या. मीच मुलीचा बाप असल्यासारखा हात जोडून उभा होतो.

दशमी झाल्यावर मी रीतीप्रमाणे तिला आणायला गेलो. मित्तिरबाबू दारातच उभे.

"नहीं भेजेगा."

"जी?"

"ससुराल में उसको सुख नहीं है. हम पूछा था, गुस्सा आता है? पूछा था, पीता है? चलाना आता है कि नहीं, वो पूछना भूल गया. गलती हमारा है. अपना रुपया वापस ले जाइए."

मी पडेल चेहरा करण्याचा प्रयत्न केला, पण आतून सुटल्यासारखं वाटत होतं. काकूंनी ताट पुढे केलं. मी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जयप्रकाशला सगळं खरं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे वहिनींना विचारलंच नव्हतं? सर!" हा 'सर' असा होता की कॅशियरनं नोटा मोजायच्या थांबवल्या. त्याच संध्याकाळी तो पांढरी गाडी घेऊन घरी आला. मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यानं माझ्या हाताला वळसा घालून किल्ली मधुवंतीला दिली आणि तिला वाकून नमस्कार केला. "वहिनी, मला माहीत असतं तर हात लावला नसता." आता कागदपत्रंही तिच्याच नावावर झाली आहेत.

पहिल्या शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये उभा राहिलो. पेटी मीच उचलून मागे ठेवली. "मी येऊ का गं? सतरंज्या घालीन. मुलांची माफीपण मागतो."

तिनं आरसा नीट केला. ओठांच्या कोपऱ्यात किंचितसं काहीतरी हललं, असं मला वाटलं. "विचार करून कळवते," म्हणाली आणि गेली.

दिवाळी उलटून गेली, अजून कळवलेलं नाही. पण दर शनिवारी मी पहाटेच खाली उतरून गाडी धुतो, काचा पुसतो, हवा बघतो आणि ती आली की दार उघडतो. परवा समोरच्या ब्लॉकमध्ये नव्यानं राहायला आलेले गृहस्थ बराच वेळ माझं काम निरखत होते. मधू गेल्यावर ते जवळ आले आणि हळूच विचारलं, आमचीही गाडी धुवाल का?

मी फडकं पिळलं आणि म्हटलं, "आधी मॅडमना विचारतो."