महिपतीला न झालेली सर्दी

मळवलीच्या महिपतीला सर्दी झालीच नव्हती. झालं होतं ते वेगळंच, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बायको, नंदाबाई, जाऊन दोन महिने झाले. गुडघ्यांपायी ती बाई वीस वर्षं निलगिरीचा पाला उकळून शेकत आली, त्यामुळे साऱ्या घराला तिचाच वास. तेराव्यानंतर तिची लुगडी वाटून टाकली, राहिली एक गोधडी. महिपती रोज तिच्यात नाक खुपसून झोपायचा. स्मशानातही ज्यानं डोळ्यातून टिपूस काढलं नाही, तो हा गडी! पण मेला वासच तो, किती दिवस टिकणार? उडायला लागला. मग महिपती ज्या बंगल्याची राखण करायचा, तिथल्या निलगिरीची फांदी त्यानं ओरबाडली आणि पाला चुरगाळून गोधडीच्या घड्यांत भरला.

तेवढ्यात शेजारची येसूबाई ताक घेऊन आली. तिचं नाक म्हणजे काय विचारता! दारातूनच म्हणाली, "भाऊ, सर्दी झालीया व्हय?"

बायकोच्या वासासाठी, असं साठी उलटलेल्या माणसानं सांगायचं कसं? महिपती "व्हय, जरा" म्हणून गेला आणि तिथंच फसला.

येसूबाईनं काढा आणला, कडूजहर. तो पिताना ठसका लागला, तर महिपतीला खोकला झाल्याचं आळीभर झालं. फोनवरून लोणावळ्याला लेकीकडे पोचेपर्यंत खोकल्याचा ताप झाला. स्नेहल दुपारच्या आत हजर. आईला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, हे तिच्या मनात अजून सलत होतं. बापाच्या बाबतीत ती तसं होऊ देणार नव्हती. तिनं बापाला अंगणात बसवलं, खिडक्या उघडल्या, फरशी फिनेलनं पुसली आणि आजाऱ्याचं अंथरूण म्हणून हाताला लागेल ते धुण्याच्या पावडरीत भिजवलं.

महिपतीनं वळून पाहिलं तेव्हा गोधडी दोरीवर निथळत होती. खोटं स्वतःच बोलला होता, आता बोल तरी कुणाला लावणार?

येसूबाईनं त्याला वाफेला बसवलं. पुढ्यात निलगिरीच्या पाल्याचं पातेलं, डोक्यावरून चादर. वाफ नाकात गेली आणि दोन महिने अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो नाक ओढायला लागला, अंग गदगदायला लागलं. येसूबाई खूश झाली. म्हणाली, "निगतीया बगा सर्दी."

पाणी निवलं का बघायला स्नेहलनं चादरीचं टोक उचललं. बापाचा चेहरा बघून ती तिथंच थांबली.

"सर्दी न्हाई गं," महिपती हळूच म्हणाला. "तुज्या आईचा वास चालला हुता त्या गोधडीतला. त्यो ऱ्हावा म्हून पाला घातलता."

स्नेहलनं दोरीकडे पाहिलं. तिच्या हातांना अजून पावडरीचा वास येत होता. ती खाली बसली आणि चादरीत डोकं घातलं.

"सरका आबा," ती म्हणाली. "मलापण सर्दी झालीये."

बाहेर येसूबाईला दोघांचं नाक ओढणं ऐकू आलं. बापाची सर्दी लेकीला लागली म्हणून तिनं कपाळावर हात मारला, आणि आणखी पाला आणायला लगबगीनं बंगल्याकडे निघाली.