दोन्ही पंजे सारखे

एका जंगलात, जिथे झाडं कमी आणि मंडळं जास्त होती, तिथे हुप्पाजी नावाचा वानर राहायचा. बाळांनो, मल्लखांबावर तो असा चढायचा की बघणाऱ्याच्या तळहाताला घाम सुटायचा.

पण एकदा सरावात त्याचा उजवा पंजा पिरगळला. त्यात जोरच राहिना. साधं केळं सोलायचं तरी पंचाईत. जत्रेतली स्पर्धा तोंडावर आलेली, आणि उतरत्या वयात ही त्याची शेवटची संधी.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचं फर्मान होतं, अस्वलवैद्यांचा दाखला आणा, मग खांबाला हात लावा. वैद्यबुवा दूरच्या जंगलात शिकून आलेले. त्यांच्याकडे पकड मोजायचं यंत्र होतं. मूठ आवळली की काटा फिरायचा. डाव्या पंजाने काटा पार टोकाला गेला. उजव्याने जेमतेम हलला.

"दोन्ही पंजे सारखे झाले की दाखला," वैद्यबुवा म्हणाले.

हुप्पाजीने चेंडू दाबले, ओले पंचे पिळले, वाळू मुठीत आवळली. काटा मुंगीच्या पावलाने सरकत होता. शेवटी रडकुंडीला येऊन त्याने वैद्यबुवांचे पाय धरले. तेही डाव्याच हाताने.

वैद्यबुवांनी खूप विचार केला. शिकलेला प्राणी, विचार केल्याशिवाय घोटाळा कसा करेल?

"उजवा वर येत नसेल," ते म्हणाले, "तर डावा खाली आणू."

झालं! डावा हात झोळीत बांधला. खाज सुटली तरी बायकोनेच खाजवायची. आळसावून आळसावून तो पंजा भिजलेल्या पोह्यांसारखा मऊ पडला. मग पुन्हा मोजणी झाली. दोन्ही पंजे सारखे! मंडळाने वैद्यबुवांना शाल-श्रीफळ दिलं. हुप्पाजी बिचारा दाखला छातीशी धरून आनंदाने रडला.

जत्रेत ढोल वाजला. हुप्पाजी पायांच्या जोरावर खांबाच्या टोकाला पोचला आणि हातांवर उलटा झाला. उजवा पंजा सुटला. सवयीने त्याने सगळा भार डाव्यावर टाकला. डावाही सुटला. हुप्पाजी धपकन खाली आला आणि दोन्ही हात मोडून बसला. पुन्हा खांब दिसणार नाही, हे त्याला पडल्या पडल्याच कळलं.

वैद्यबुवा धावत आले. दोन्ही हातांना प्लास्टर घातलं आणि यंत्र पुढे धरलं. काटा उजव्याने हलला नाही. डाव्यानेही हलला नाही.

"वा! आता तर तंतोतंत सारखे," ते म्हणाले, आणि नवा दाखला त्यांनी हुप्पाजीच्या शेपटीला बांधला.

तात्पर्य: बाळांनो, पडायचंच असेल तर दाखला घेऊन पडावं. नुसतं पडणाऱ्याला लोक अडाणी म्हणतात.