थोरल्या गौरीचा तपास

रावेतच्या आमच्या चौदा मजली इमारतीत आजवर एकदाही पोलिसांना यावं लागलेलं नाही. याचं श्रेय कुणी देत नाही, म्हणून मीच सांगते: सहाव्या मजल्यावर मी राहते. कस्तुरा, वय एकाहत्तर. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पिंपरीच्या चाळीत माझं उलथनं कुणी नेलं, हे मी अजून सांगू शकते. ती बाई नाही म्हणते, पण गुन्हेगार तसंच म्हणतात. माझे मदतनीस म्हणजे आमचे यजमान अण्णासाहेब, चाकणच्या एका सीटबेल्टच्या कंपनीतून तपासनीस म्हणून निवृत्त. तपास चालू असताना मदतनिसाने बोलायचं नाही, असा माझा नियम आहे.

यंदा गौरी आणायचा मान मी पहिल्यांदाच सुनेला, रश्मीला दिला. आमच्याकडे मुखवटा नारळासह सुपात ठेवून, वर खण घालून दारातून आत आणतात आणि घरभर फिरवून भरभराट दाखवतात. चाळीत हे चार पावलांत उरकायचं: ही चूल, हे गहू, ही अण्णासाहेबांची सायकल. तेव्हा सायकल दाखवली, तर आता नवी गाडी का नको? म्हणून धाकट्या गौरीला पाटावर ठेवून मी रश्मी आणि अण्णासाहेबांना थोरलीसकट खाली पार्किंगमध्ये पाठवलं. ते परत आले, खण उचलला, तर सुपात नुसता नारळ.

रश्मीचा चेहरा उतरला. मुहूर्त पाच वीसपर्यंत, आणि पाचाला दहा कमी. "आई, मी सूप कुठेच ठेवलं नाही हो. गाडीला हळदीकुंकू लावताना तेवढं बाबांकडे दिलं होतं."

"मी काय म्हणतो," अण्णासाहेब म्हणाले. मी ओठांवर बोट ठेवलं. मदतनिसावर संशय घेत नसतात.

पहिला धागा नारळ. चोराने मुखवटा नेला, नारळ सोडला. अर्थ उघड होता: त्याला नारळ फोडता येत नाही, म्हणजे तो एकटा राहणारा तरुण. तिसऱ्या मजल्यावरच्या सनीला फोन लावला. तो शनिवारपासून लातूरला आईकडे होता. इतकी पक्की सबब सरळ माणसाकडे नसते, हे मी टिपून ठेवलं.

दुसरा धागा दारातला. रश्मीने काढलेल्या रांगोळीच्या गौरीच्या पावलांवर एका चपलेचा ठसा होता.

"आठ नंबर," मी वाकून म्हणाले. "पुरुष. बेफिकीर."

अण्णासाहेबांनी आपली चप्पल हळूच सोफ्याखाली सारली. "मी काय म्हणतो..."

"थांबा हो."

पाच वाजून गेले. रश्मी देवघरासमोर हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या फ्लॅटमधली नूरबी. बाजारातून येऊन ती पार्किंगमध्ये स्कूटर लावत होती.

"आपा, तुमच्या थोरल्या बाई गाडीत एकट्याच बसल्यात. बेल्टही लावलाय. कुठं निघाल्या?"

आम्ही दोघींनी अण्णासाहेबांकडे पाहिलं.

"सुपातून तिला काय दिसणार? म्हणून पुढच्या सीटवर बसवली," ते म्हणाले. "बसवली म्हणून बेल्ट लावला. मग लिफ्ट आली, घाई झाली."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. रश्मीला हसू आवरेना. किल्ली घेऊन ती पळत खाली गेली. पाच बाराला थोरली पुन्हा उंबरा ओलांडून आत आली, मागे भाजीची पिशवी घेऊन नूरबी.

"मी काय म्हणतो," अण्णासाहेब म्हणाले.

"बोला एकदाचं."

"धाकटीला गाडी कुठं दाखवली? रुसेल ती."

आठ मिनिटं होती. या वेळी किल्ली मी घेतली आणि रश्मीबरोबर स्वतः गेले. थोरलीला स्टँडवर बसवून तिच्यावर नजर ठेवायचं काम तेवढं अण्णासाहेबांना दिलं. मुहूर्त साधून धाकटीला घेऊन वर आलो, तर थोरली दोरीने बेल्टसारखी स्टँडला अशी पक्की आवळलेली, की तिसऱ्या दिवशी विसर्जनाला आम्हाला न सुटलेल्या गाठी सोडायला नूरबीलाच बोलवावं लागलं.