‘देवचार’ बँडची पूर्ण सदस्यसंख्या

कोणतीही संस्था टिकते ती सभासदांमुळे नव्हे, तर सगळे सोडून गेले तरी फलक उतरवायला कोणी रिकामं नसतं म्हणून. या न्यायाने कट्टा गावचा ‘देवचार’ हा बँड जिल्ह्यातल्या थोर संस्थांत मोडतो. जगातलं सर्वांत कर्कश संगीत (जाणकार त्याला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात, शेजारी संगीत म्हणत नाहीत) तो इमानेइतबारे वाजवत आला आहे.

संस्थापक विनीत. गायनाचं, म्हणजे पोटातून गुरगुरण्याचं खातं त्याच्याकडे. लोकांची गाळण उडावी म्हणून त्याने हे भुताचं नाव ठेवलं. पण देवचार म्हणजे इकडे गावाची राखण करणारा. पोस्टर लागताच म्हाताऱ्यांनी हात जोडले, एकीने तर केळी ठेवली. विनीतची आई सावित्री मुलाचा सराव ऐकून रोज काढा उकळायची. “घसो बसलो तुझो, माका कळता,” ती म्हणायची. “ह्यो पी, नि गप रव.”

बँडमधले फेरबदल मात्र शिस्तीत होत. ड्रमर गुरुप्रसाद मिठबावचा. आंब्याला मोहोर आला की फवारणीला पळायचा, पेट्या संपल्या की उगवायचा. मधल्या काळात भजनातला पखवाजवाला यायचा आणि गाण्यातलं प्रेताचं वर्णन संपलं की सवयीने गजर धरायचा. आधीच्या गिटारवादकांपैकी एक गोव्याच्या हॉटेलात, एक बोटीवर आणि एक बायकोच्या धाकात आहे. सरकारी बदल्यासुद्धा इतक्या सुरळीत होत नाहीत.

विनीतची अपेक्षा मोठी नव्हती. जेवढ्यांनी गाणं सुरू केलं, तेवढ्यांनीच ते संपवावं, एकदा तरी. आजवर ते जमलं नव्हतं. कुणाची शेवटची एसटी असायची, कुणाची गाय नेमकी तेव्हाच व्यायची. रात्र रात्र त्याला या एका गोष्टीचं वाईट वाटायचं.

यंदा रिक्षावाल्यांच्या सत्यनारायणाला, हळदीकुंकू आणि भजन यांच्या मधली वेळ ‘देवचार’ला मिळाली. मोहोर लांबलेला, म्हणून गुरुप्रसाद हजर. बेसवर संचिता, गिटारवर वालावलचा नवा सत्यवान. चौघंच्या चौघं! विनीतने आनंदाच्या भरात काढा मागून घेतला.

पण आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, घातल्याशिवाय नवी रिक्षासुद्धा हलत नाही. रिक्षावाल्यांतले वडीलधारे भिकाजी माईकसमोर उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ही तुझी पोरां कित्याक आरडतत ता आमका कळणा नाय. तुका कळात. जी काय इडापीडा आसात ती दूर कर. ज्येका नोकरी नाय त्येका नोकरी दी. ज्येचा लगीन जमणा नाय त्येचा जमव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा बाजार गरजला. संचिता गरजली, सत्यवान गरजला, गुरुप्रसादने ठोका दिला. खुद्द विनीतही सवयीने पोटातून गुरगुरला, “व्हय म्हाराजा!” (कारकिर्दीत टाळ्या पडलेली ही त्याची एकमेव ओळ.)

गाणं सुरू झालं आणि खरोखर झकास चाललं. दुसऱ्या कडव्यात पहिल्या रांगेतले एक काका स्टेजवर चढून सत्यवानच्या कानाशी ओरडले, “पुतणी आसा आमची. पत्रिका खिशात आसा.” वडील माणूस बोलतंय म्हटल्यावर सत्यवानने गिटार खाली ठेवली. संस्कार म्हणजे संस्कार. तेवढ्यात पतसंस्था चालवणाऱ्या भाईंनी खालून संचिताला विचारलं, “गो, हिशोब येता मा तुका?” पगार विचारायला ती उतरली. गुरुप्रसादला घरून फोन आला, मोहोर फुटला होता.

विनीतला रडू कोसळलं. रडत, गुरगुरत तो एकटाच शेवटच्या ओळीपर्यंत गेला. लोकांना वाटलं, गाणंच तसं असेल.

भिकाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सगळ्यांचा देवान आयकल्यान, तुझाच तेवढा रवला रे. फुडल्या वर्सा घालूया गाऱ्हाणा.”

वाचकहो, भिकाजींना हसू नका. विनीत एकटा उरला, हे वाचून तुमच्याही मनात आलंच असेल, की बिचाऱ्याला कुठेतरी नोकरीला चिकटू दे. त्याला त्याची माणसं परत मिळू देत, असं ज्यांना वाटलं, त्यांनी हात वर करावा.

बघा, एकही हात नाही.